फादरचा उसना आवाज

"ख्रिस्ती लोकायच्या श्रद्धेले धक्का देणारी कादंबरी एका पोट्ट्यानं आवाज काढू काढू वाचली," एवढं सांगतलं की तुमच्या डोळ्यापुढं काय येते ते मले माहीत हाये. मोर्चा येते. जळते टायर येतात. पोलिसाची गाडी येते अन् तिच्यातून तोंडाले दस्ती बांधलेला मी उतरतो. तसं काही वाचाले मिळीन म्हून बसले असान तं पान उलटा, पुढं कुठंतरी अनारशाची कृती असनच. माह्या गोष्टीत एकही टायर जळत नाही. एक निवेदन हाये, पण त्याच्यावर कोनीतरी चिवड्याची परात ठेवली अन् त्याचा तेलकट कागद झाला. रडणं हाये, पण थोडकं. शिव्या मात्र पोटभर हायेत, अन् त्या सगळ्या मलेच पडल्या.

माहा धंदा बोलाचा हाये. मोबाईलवर गोष्टी ऐकाचे ॲप असतात ना, बाया पोळ्या करता करता ऐकतात, ट्रकवाले नागपूरपर्यंत ऐकतात, त्यातला वाचून दाखोणारा जो आवाज असते तो मी. लोकायले वाटते, याच्यात काय हाये, पुस्तक धरलं अन् वाचलं. बसून पाहा एकदा. पंखा बंद कराचा, कारण माईकले पंखा ऐकू येते. शेजारी कुकर लागला तं थांबाचं. पोट गुरगुरलं तं पुन्हा वाचाचं. भर दुपारी, सारा मोहल्ला जेवून लवंडला की माहा दिवस सुरू होते.

गावात मले मिठू म्हणतात. कामरगावच्या शाळेत मी हेडमास्तरच्या आवाजात "चला, सुट्टी!" म्हणालो अन् अर्धी शाळा घरी गेली, तवापासून. तीच खोड पुढं पोटाले आली. माह्यापाशी एक वही हाये. डाव्या बाजूले गोष्टीतलं माणूस, उजव्या बाजूले त्याच्यासाठी कोनाचा आवाज उसना आणला त्याचं नाव. इन्स्पेक्टर म्हंजे आसेगावच्या गाडीवरचा कंडक्टर. श्रीमंत सासू म्हंजे माही मोठी मामी. एका भुताच्या गोष्टीत भुताले मी जऊळका स्टेशनवरच्या चहावाल्याचा आवाज देला. त्यानं तो वळखला. मले वाटलं आता गरम किटली डोक्यात बसते. तं तो चार महिने येणाऱ्या-जाणाऱ्याले ऐकवत होता, "हे भूत म्हंजे मी!" उसना आवाज घेतला की लोक खूश होतात, असा माहा समज तिथून झाला.

अजून एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढं कामी येईन. आमच्या धंद्यात श्वास कापाचा असते. पहिल्या वर्षी माह्या तीन फायली परत आल्या. तपासणाऱ्या बाईनं खाली लिहिलं होतं, "श्वास ऐकू येतो. मध्ये फार थांबता." मंग मी शिकलो. रेकॉर्डिंग झालं की कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते, डोंगर अन् दऱ्या. दोन वाक्याच्या मधात एक बारीक टेकडी दिसते, तो श्वास. ती टेकडी निवडाची अन् उडवून द्याची. नंतर तं मी श्वासच असा घ्याले लागलो की माईकलेही पत्ता लागत नाही. याचा मले लय गर्व होता. होता म्हणतो, ध्यानात ठेवा.

राह्यतो मी वाशीमात, मिशन कंपाउंडच्या मागं, लीलामावशीच्या घरी. एक खोली अन् एक कोठी भाड्यानं घेतली हाये. कोठीले आतून गाद्यावाल्या रफिकचाचानं जुन्या कापसाच्या गाद्या ठोकून देल्या, म्हून बाहेरचा आवाज आत येत नाही अन् आतला बाहेर जात नाही. लीलामावशी मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. सारा मोहल्ला तिले अजून सिस्टरच म्हणते. डोळ्याचं ऑपरेशन झालं पण नजर काही पुरती आली नाही, अक्षर दिसत नाही. म्हून ती ऐकते. माही प्रत्येक गोष्ट पहिल्या दिवशी ऐकते अन् संध्याकाळी निकाल देते. "मिठू, तुही सासू चांगली झाली, पण नवरा शेळपट झाला, त्याले उलीसा राग दे."

तिचे मालक दानियलकाका दवाखान्याची गाडी चालवत. दोन वर्षं झाले, ते गेले. दफनाले मी होतो. त्याच्याही आधीपासून, तीन वर्षं झाले आता, दर रविवारी मावशीचा हात धरून मी तिले चर्चमध्ये नेतो अन् मागच्या बाकावर बसतो. माही माय कामरगावहून फोनवर म्हणते, "देवळात जाले तुले पाय नाही, अन् तिथं बरा जातं." मी म्हणतो, "माय, तिथं बसाले बाक हाये." खरं कारण वेगळंच होतं. तिथं पाळकसाहेब होते.

पाळक म्हंजे चर्चचे गुरुजी, उपासना तेच चालवतात. आमचे पाळकसाहेब मूळचे नगरकडचे, म्हून बोलणं शुद्ध. आवाज म्हंजे विहिरीत बोलल्यासारखा. थोडा नाकातून येते, शेवटचा शब्द लांबवतात, अन् 'आणि' असा म्हणतात की पुढं काहीतरी मोठं येऊन राह्यलं असं वाटते. नकल्याले असा माणूस म्हंजे भरल्या पेरूचं झाड. तीन वर्षं मी मागच्या बाकावरून एक एक पेरू तोडत होतो. मधात मधात ते वाक्य अर्धं सोडून थांबत, मंग पुढचं बोलत. ते मी घेतलं नाही. ते ॲपमध्ये चालत नाही.

यंदा ईस्टरच्या तीन महिने आधी ॲपवाल्यायनं मले एक रहस्यकथा देली, चाळीस भाग. नाव सांगत नाही, करारात मनाई हाये. गोष्ट अशी की दूरदेशी एका डोंगरातल्या चर्चमध्ये एका म्हाताऱ्या फादरले जुना कागद सापडते. त्याच्यावर लिहिलेलं असते की येशू ख्रिस्त कबरेतून उठलेच नाही, शिष्यायनं त्यायचं शरीर उचलून दुसरीकडं पुरलं अन् लोकायले उठले म्हून सांगतलं. फादर तो कागद दाबून ठेवते. मंग एक खून, दुसरा खून, एक पत्रकार बाई. एकतिसाव्या भागात फादर कबूल करते, "ती कबर देवानं रिकामी केली नाही. ती माणसांनी केली."

ज्यायले माहीत नाही त्यायच्यासाठी सांगतो, कारण मलेही तवा पुरतं समजलं नव्हतं. ख्रिस्ती माणसाचं सारं घर या एका खांबावर उभं हाये. येशू वधस्तंभावर मेले, कबरेत ठेवले, तिसऱ्या दिवशी जिते उठले. ते उठले म्हून आपले गेलेलेही एक दिवस उठतील. खांब काढला तं वरचं सारं खाली.

आता या फादरले आवाज कोनाचा देला असन? वहीत लिहिलं, "फादर: पाळकसाहेब." अन् एकतिसाव्या भागापुढं लिहिलं, "दफनवाला." दानियलकाकाच्या कबरेपाशी उभं राहून पाळकसाहेब जसे बोलले होते, तो आवाज. माह्यापाशी त्याच्यापेक्षा भारी आवाज नव्हता. रेकॉर्डिंग झालं तवा मले स्वतःले काटा आला. रफिकचाचाले ऐकवलं तं ते म्हणाले, "आवाज तो लाजवाब है बेटा. पर ईसा नबी को हम भी मानते हैं. ज़रा संभल के." मी म्हणालो, "चाचा, गोष्ट हाये." चाचा म्हणाले, "हाँ. गोष्टच म्हणतात सगळे."

भाग आले. ॲपवर धूम चालले. अन् एका रविवारी मावशी म्हणाली, "आज गुडघा दुखते, तू जाऊन ये." मी एकटाच गेलो.

उपासना सुटली अन् पायरीवर सॅमसनभाऊ उभे. बसस्टँडजवळ त्यायचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाये, म्हून जगात काय वाजून राह्यलं ते त्यायले पहिले समजते. मोबाईल डोक्यावर धरला अन् ओरडले, "थांबा सगळे! ऐका, आपल्या प्रभूबद्दल काय सांगून राह्यले ते ऐका!" अन् एकतिसावा भाग लावला. आवाज फुल.

फादरचं वाक्य संपलं. मंग एक म्हातारे बाबा हळूच वळले अन् पाळकसाहेबाले म्हणाले, "साहेब, तुमी रेकॉर्डिंगले कधी गेलते?"

साऱ्यायच्या माना पाळकसाहेबाकडं. मी हातपंपाच्या मागं. पण मकासरे सर, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले, त्यायनं चष्मा वर केला अन् बरोबर हातपंपाकडं पाह्यलं. "मिठ्या, बाहेर ये."

आलो. पाळकसाहेब माह्याकडं पाहून राह्यले होते. मले वाटलं आता मारतात. ते म्हणाले, "मी नाकात बोलतो का रे?"

"थोडंसं, साहेब."

"आणि शेवटचा शब्द एवढा लांबवतो?"

"याच्यापेक्षा जास्त. मी कमी केला."

दोन बाया हसल्या. सॅमसनभाऊ नाही हसले. "हसता काय! दुसऱ्या कोनाच्या देवाबद्दल असं लिहून दाखवा म्हणा! आमी मूठभर हावो म्हून कोनीही यावं अन् टपली मारून जावं?" त्यायच्या खिशात निवेदन टाईप होऊन तयारच होतं. सह्या घ्याच्या, पोलीस स्टेशनले द्याचं, गोष्ट बंद पाडाची.

खरं सांगतो, त्या बोलण्यानं माही मान खाली गेली. आमच्या कामरगावच्या देवाबद्दल कोनी अशी गोष्ट लिहिली असती तं माह्या मायनं मोबाईल पाट्यावर ठेचला असता. अन् मी ती वाचली नसती. हे मले पहिले सुचलं काहून नाही?

मकासरे सर म्हणाले, "सॅमसन, निवेदन दे. उद्या पेपरात येईल. परवा ज्यानं नाही ऐकली तोही ऐकेल. लेखकाचा सत्कार आपल्याच हातानं."

पाळकसाहेबानं ते निवेदन मागून वाचलं. मंग म्हणाले, "ज्याला ऐकायची आहे त्यानं चोरून कानात घालून ऐकू नये. माझ्यासमोर ऐकावी. पुढच्या रविवारपासून मागच्या हॉलमध्ये. मिठू, तूही यायचं."

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस हे लोक उपवासकाळ पाळतात. त्या उपवासकाळात चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, चहा अन् चिवड्यासंगं, आमी तीन रविवार खुनाची कादंबरी ऐकली. हे माह्या डोळ्यानं पाह्यलं नसतं तं मीही नसतं मानलं. एक भाग लागे, मंग बोलणं, मंग दुसरा. तरण्या पोरायले देवाचं काहीच पडलं नव्हतं, त्यायले खुनी कोन ते पाह्यजे होतं. मकासरे सर वहीत चुका लिहून आणत. "तो शिष्य खिशातून कागद काढतो. त्या काळी खिसा कुठून आला? शिंपी दाखवा मला."

एका बाईनं मात्र सरळ इचारलं. "साहेब, असा कागद खरंच सापडला तं?"

पाळकसाहेबानं चहाचा कप खाली ठेवला. "तर माझी मोठी पंचाईत होईल, बाई," ते म्हणाले. सारे हसले. मंग ते म्हणाले, "येशू उठला हे बायांनी कबरेवरून येऊन पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा खुद्द शिष्यांनाच ते उगीचचं वाटलं होतं. म्हणजे शंका या कादंबरीनं नाही आणली. ती पहिल्या सकाळपासून घरातच आहे. तिला हाकलत बसलो तर ती मागच्या दारानं येते. त्यापेक्षा पाट द्यावा, जेवायला वाढावं."

मी इचारलं, "साहेब, तुमाले राग नाही आला?"

"आला ना. नाकाचा आला."

तिसऱ्या रविवारपर्यंत सॅमसनभाऊचं निवेदन परातीखाली गेलं होतं, अन् खुनी कोन हे साऱ्यायच्या आधी त्यायनंच वळखलं होतं. पण जाता जाता मले म्हणाले, "गोष्ट झ्याक हाये. पण माहा मुद्दा तोच हाये." तो मुद्दा माह्यापाशी अजूनही पडून हाये.

मी तिथून नाचत घरी आलो. वाटलं, सुटलो. अन् मावशी ओट्यापाशी खुर्चीवर बसलेली. तिचा गुडघा तीन आठवड्यापासून दुखत होता. पण त्याच गुडघ्यानं ती रोज बाजारात जात होती, हे मले त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तिचा मोबाईलही फळीवर बंद पडलेला. एकोणचाळीस अन् चाळीस तिनं ऐकलेच नव्हते.

"मावशी, शेवट नाही ऐकला?"

"नाही."

"राग आला काय? गोष्टीचा?"

"गोष्टीचा कायले राग? तुह्या कितीक गोष्टीत मी माणसं मरताना ऐकले. ज्यानं लिहिलं त्याचं पोट हाये. दवाखान्यात लोक मले तोंडावर म्हणत, तुमचा देव खोटा. मी म्हणो, बरं, सुई घ्या." तिनं पदर नीट केला. "मिठू, तुह्या काकाच्या कबरेपाशी साहेब बोलले होते ना, की तो उठीन, तुमची भेट होईन. ते मी दोन वर्षं रोज ऐकत होती. मनात. झोपाच्या आधी. आता ते ऐकाले गेली की तुहा फादर बोलते. तोच आवाज. म्हणते, कबर माणसायनं रिकामी केली. मी चर्चमध्ये आली अन् साहेबानं तोंड उघडलं तं तिथंही तोच बसला असन, म्हून मी येत नाही."

मी म्हणालो, "मावशी, मी मुद्दाम तोच घेतला होता. दफनवाला. वहीत लिहून ठेवलं हाये."

ती उठून आत गेली. शिवी देली असती तं बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ॲपवाल्या बाईले फोन केला. ती म्हणे, "बदलायचं तर बदला, पण सगळे भाग पुन्हा तपासणीला जातील." आठ दुपारी कोठीत बसून चाळीस भागातला फादर मी पुन्हा बोललो, कोनाचाच नाही असा आवाज लावून. फादर पार बेचव झाला. ऐकणारे लिहाले लागले, फादरले काय झालं, सर्दी झाली काय. मी मावशीले सांगतलं, "काढला तो आवाज. आता कुठंच नाही."

"बरं केलं," ती म्हणाली. "पण माह्या कानातून कसा काढशीन? तुह्या कॉम्प्युटरात टेकडी उडवता येते. इथं नाही येत."

ईस्टर आठ दिवसावर होता. ईस्टरच्या पहाटे सारी मंडळी कबरस्तानात जाते. आपापल्या माणसाच्या कबरेवर फुलं अन् मेणबत्त्या लावतात, अन् उजाडताना पाळकसाहेब मधात उभे राहून सांगतात की प्रभू उठला हाये. मावशीनं दोन वर्षं काकाच्या कबरेचा चुना स्वतः लावला होता. यंदा ती म्हणाली, "तूच लावून ये, फुलं ठेव. मी घरीच राह्यतो."

मी पाळकसाहेबाच्या घरी गेलो अन् सारं सांगून टाकलं. वहीसकट. त्यायनं वही हातात घेतली, "दफनवाला" हा शब्द वाचला. मंग चप्पल घातली.

मावशीनं खुर्ची देली. पाळकसाहेब टेकले, घाम पुसला. कंपाउंडातल्या त्यायच्या घरापासून आमच्या घरापर्यंत दोनशे पावलं नाहीत. "सिस्टर," ते म्हणाले, "तुमच्या घरात दोन पाळक झाले आहेत असं ऐकतो. एकाला हाकला. पण आधी कोण कोणता ते बघा. तिकडं तोंड करून बसा."

मावशीले हे पटलं नाही. "साहेब, माही काय परीक्षा घेता? मले दोघायचा एकच ऐकू येते."

"म्हणूनच."

ती भिंतीकडं वळली. पाळकसाहेबानं मले खूण केली. काकाच्या दफनावेळी म्हणाले होते तेच शब्द. मी बोललो, सारा जीव लावून बोललो, कारण वाईट बोललो असतो तं ती लबाडी झाली असती. मंग पाळकसाहेब बोलले, तेच शब्द.

मावशी भिंतीकडंच पाहून राह्यली. मंग म्हणाली, "पहिला मिठू."

"कसं वळखलं?" मी.

"पुन्हा म्हणा, साहेब."

ते पुन्हा बोलले. ती उठली, चाचपत त्यायच्या मागं गेली अन् त्यायच्या पाठीवर तळहात ठेवला. "पुन्हा." मंग आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. दवाखान्यातली जुनी नळी घेऊन आली, कानाले लावाची, छातीवर ठेवाची ती. पाळकसाहेब शर्टाचं बटण उघडू की नको करत बसले.

"बोला."

"काय बोलू?"

"तेच बोला. काकाचं."

ते बोलले. दोन जागी वाक्य तुटलं. ती नळी पाठीवर इकडून तिकडं फिरवत होती अन् तिचा चेहरा मी पाहत होतो. तो चेहरा मी कधी पाह्यला नव्हता. तो ड्युटीवरचा होता.

"याचा श्वासच नाही येत," ती माह्याकडं बोट करून म्हणाली. "वाक्य कसं, गुळगुळीत. जित्या माणसाचा आवाज नाही तो. तुमचं दोन जागी तुटते, साहेब. आत घरघर हाये. त्या दिवशीही तुटलं होतं. 'तुमची भेट' म्हणाले अन् थांबले. लय वेळ थांबले. मंग म्हणाले, 'होईल'." तिचा आवाज हलला. "मले वाटलं होतं तुमी रडून राह्यले."

"रडतही होतो, बाई," पाळकसाहेब म्हणाले. "दानियल माझा मित्र होता. दम आणि रडू, दोन्ही होतं."

मावशी तिथंच पलंगावर टेकली. नळी मांडीवर. "मी विसरली होती ते," ती म्हणे. "थांबले होते ते. याच्या फादरनं ते पुसून टाकलं होतं." अन् डोळ्याले पदर लावला. थोडकं रडणं हाये म्हून सांगतलं होतं, ते हेच.

ईस्टरच्या पहाटे मी तिले हाताले धरून कबरस्तानात नेलं. कडूनिंबाखाली सॅमसनभाऊ पोरायले मेणबत्त्या वाटत होते. मकासरे सर बायकोच्या कबरेपाशी प्रार्थनेचं पुस्तक न उघडता उभे होते. उजाडलं. पाळकसाहेब मधात आले अन् बोलाले लागले. तो उठला हाये, असं सांगताना मधातच थांबले. कबरस्तानात एवढी शांतता की मागच्या पिंपळावरच्या पाखराचा पंख ऐकू यावा. मावशीनं माहा हात दाबला. मले वाटलं ती आता रडीन. तिनं मान वाकडी केली होती, कान पुढं केला होता. साहेबाचा दम मोजत होती. पाळकसाहेबानं श्वास ओढला अन् वाक्य पुरं केलं. मंडळी एका सुरात बोलली, "खरोखर उठला आहे!" मावशीही बोलली, साऱ्यायहून मोठ्यानं.

मले स्वतःले काय वाटलं, ते इमानानं सांगतो. कबर कोनी रिकामी केली, हे मले आजही माहीत नाही. पण ज्या वाक्याच्या मधात एवढा दम लागते ते वाक्य त्या माणसानं अर्धं सोडलं नाही, हे मी ऐकलं. तीन वर्षात पहिल्यांदा.

काकाच्या कबरेवर फुलं ठेवून झाली. मी आपलं हळूच म्हणालो, "मावशी, झालं ना आता बरोबर? माफ केलं?"

बस. तिथंच, साऱ्या मंडळीसमोर सुरू झाली.

"माफ? कोनाले माफ? भैताडा, तुले माफी त्या फादरसाठी पाह्यजे काय? तो फादर गेला खड्ड्यात! तीन वर्षं तू मागच्या बाकावर बसला. माह्यापेक्षा तुहे कान चांगले. माणसाचं नाक घेतलं, 'आणि' घेतलं, शेवटचा शब्द घेतला, दफनाचा आवाजही सोडला नाही! अन् तो माणूस मधात थांबते, दम खाते, दोनशे पावलं चालून घामानं भिजते, ते तुले ऐकू नाही आलं? आलं! ऐकू आलं अन् तू कापून फेकलं! ॲपमध्ये चालत नाही म्हून! अरे, ज्याची नक्कल करतं तो बिमार हाये हे तुले नाही समजत तं तू ऐकतं काय, माती? चाळीस भाग बोलला, एकदा तोंड उचकटून साहेबाले इचारलं असतं की छातीत काय होते, तं नसतं जमलं? तुह्या काकानं त्या गाडीत लोकायचा श्वास मोजत मोजत जन्म काढला, त्याच्या कबरेवर उभा राहून माफी मागतं!"

पाळकसाहेब मधात पडाले आले. "सिस्टर, असू द्या..."

"तुमी गप बसा! तुमच्यावर माहा येगळा राग हाये. नर्सच्या घराजवळ राह्यता अन् घरघर लपवता!" अन् पुन्हा माह्याकडं. "आज सण हाये, आज जेवू दे त्यायले. उद्या आठ वाजता साहेबाले दवाखान्यात घेऊन जाशीन. नंबर लावशीन, संगं बसशीन, अन् डॉक्टर काय म्हणते ते शब्दान् शब्द मले येऊन सांगशीन. अन् खबरदार, मिठ्या, तिथं डॉक्टरची नक्कल उचलून आणली तं!"